गावाने लिलावात काढलेलं लाकडी चर्च: नॉर्वेच्या डोंगरातून निघालं, पोलंडच्या डोंगरात पुन्हा उभं राहिलं

गावातल्या जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करायचा ठरला की बैठकीत दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला वर्गणीचा आणि दुसरा जुन्या लाकडाचा. सभामंडपाचे सागवानी खांब, तुळया, कोरीव चौकट यांचं काय करायचं? कुणी म्हणतं विकून टाका, तेवढाच बांधकामाला हातभार. कुणी म्हणतं राहू द्या एका बाजूला, बघू पुढे. बाजूला ठेवलेलं लाकूड दोन पावसाळ्यांत कुजतं नाही तर वाळवी खाते. विकलेलं लाकूड कुठे गेलं याचा मग कुणालाच पत्ता नसतो.

नॉर्वे देशातल्या व्हांग नावाच्या एका डोंगरी गावापुढे १८० वर्षांपूर्वी हाच प्रश्न आला होता. त्यांचं लाकडी चर्च तेव्हाच सहाशे वर्षांपेक्षा जुनं होतं. गावाने ते विकायला काढलं. पुढे ते चर्च सुटं होऊन जहाजावर चढलं, समुद्र ओलांडून जर्मनीत गेलं आणि शेवटी आज पोलंडमध्ये असलेल्या एका डोंगरावर पुन्हा उभं राहिलं. आजही तिथे दर रविवारी प्रार्थना होते. व्हांगच्या लोकांना मात्र आपलं जुनं चर्च बघायचं तर परदेशात जावं लागतं.

गाव कुठलं, चर्च कसलं?

नॉर्वे हा युरोपच्या अगदी उत्तरेचा देश. डोंगर, खाड्या, पाइनची जंगलं आणि शेतीलायक जमीन अगदी थोडी. राजधानी ओस्लोपासून वायव्येला दोनशे किलोमीटरहून जास्त अंतरावर वाल्द्रेस नावाचं खोरं आहे. या खोऱ्याच्या वरच्या टोकाला, तळ्याच्या काठी व्हांग गाव वसलेलं आहे. जनावरं पाळायची, थोडं धान्य पिकवायचं, हिवाळ्यात बर्फात दिवस काढायचे, असं तिथलं जुनं जगणं.

या गावात साधारण इसवी सन १२०० च्या सुमारास एक छोटं लाकडी चर्च बांधलं गेलं. आपल्याकडे देवगिरीवर यादवांचं राज्य होतं, तो हा काळ. तेव्हा नॉर्वेतले लोक कॅथलिक पंथाचे होते. पुढे १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी चर्चमधल्या गैरप्रकारांविरुद्ध आवाज उठवला. त्यांच्या मागे गेलेल्यांना लुथरन म्हणतात. डेन्मार्क आणि नॉर्वे तेव्हा एकाच राजाखाली होते. त्या राजाने १५३६-३७ मध्ये लुथरन पंथ स्वीकारला आणि नॉर्वेतली गावोगावची चर्च लुथरन झाली. व्हांगचंही झालं. इमारत तीच राहिली, उपासनेची पद्धत बदलली.

हा बदल चर्चच्या लाकडापर्यंत पोहोचला. जुन्या पद्धतीत लोक चर्चमध्ये उभे राहत, अंधार असला तरी चालत असे. लुथरन पंथात प्रवचन ऐकणं आणि स्तोत्रं म्हणणं महत्त्वाचं. त्यामुळे अनेक जुन्या चर्चमध्ये बाकं आली, प्रवचनाचा मंच आला, भिंतीला खिडक्या पाडल्या गेल्या. बाकं आली की माणसं कमी मावतात. पुढे अडचण झाली, तिचं मूळ काही अंशी इथे आहे.

लाकूड आठशे वर्षं टिकतं कसं?

वाचणाऱ्याला पहिली शंका हीच येईल. आपल्याकडे चांगल्या सागाचा वाडाही तीनशे वर्षं टिकला तर खूप झालं, मग पाइनचं लाकूड इतकं कसं टिकलं?

त्यामागची युक्ती आपल्या जुन्या सुतारांनाही ठाऊक होती. नॉर्वेत सुरुवातीला चर्चचे खांब सरळ जमिनीत पुरत. मातीतल्या ओलीने ते खालून कुजायचे आणि काही पिढ्यांत इमारत जायची. मग सुतारांनी पद्धत बदलली. आधी दगडांचा पाया घेतला. त्यावर जाड तुळयांची आडवी चौकट ठेवली आणि त्या चौकटीवर खांब उभे केले. लाकडाचा मातीशी संबंधच तोडला. आपल्या वाड्यांत खांबाखाली दगडी तळखडा असतो, त्यामागचं कारणही हेच.

या उभ्या खांबांना त्यांच्या भाषेत 'स्ताव' म्हणतात, म्हणून अशा चर्चना स्ताव चर्च असं नाव पडलं. भिंतीच्या फळ्याही आडव्या न लावता उभ्या लावलेल्या. खालच्या तुळईला खाच पाडून त्यात फळी बसवायची, एका फळीच्या कडेत दुसरी अडकवायची. जोड पक्के करायला लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या. याचा फायदा असा की लाकूड पावसात फुगलं, उन्हात आकसलं तरी जोडाला थोडी हालचाल करायला जागा मिळते. खिळा मारलेली फळी अशा वेळी चिरते.

वाऱ्याचा जोर झेलायला खांबांमध्ये फुलीच्या आकाराचे आडवे-तिरपे आधार दिलेले असतात. खांब आणि तुळई जिथे भेटतात त्या कोपऱ्यात बाकदार लाकूड असतं. हा बाक तासून काढलेला नसतो. झाडाचं खोड जिथे मुळाला वळतं, तिथलं मुळातच वाकडं लाकूड निवडलेलं असतं. नांगरासाठी बाक असलेली बाभूळ शोधत हिंडणाऱ्या जुन्या शेतकऱ्याला यातलं मर्म लगेच कळेल. वाढीतच वाकलेल्या लाकडाचे तंतू सलग असतात, म्हणून ते भाराला मोडत नाही.

लाकूड निवडतानाही घाई नव्हती. हळू वाढलेल्या, जुन्या पाइनचा आतला गाभा वापरत. थंड हवेत वाढ सावकाश होते, त्यामुळे लाकूड घट्ट आणि राळेने भरलेलं असतं. त्यावर पाइनचंच डांबर लावायचं. राळ भरलेले जुने बुंधे आणि मुळ्या फोडून रचायच्या, वरून मातीने झाकायच्या आणि कोळसा पाडतात तशा मंद आगीवर धुमसू द्यायच्या. खालून काळं घट्ट डांबर गळतं. ते ठरावीक वर्षांनी छपराला आणि बाहेरच्या भिंतींना लावायचं. आपल्याकडे लाकडाला बिब्ब्याचं तेल किंवा डांबर लावायचे, तोच हा प्रकार. डांबराचा हात चुकला की काही वर्षांत पाणी आत शिरतं. मोठं आयुष्य मिळालेली चर्च म्हणजे पिढ्यानपिढ्या कुणीतरी डांबर लावत आलेली चर्च.

दारांवर आणि खांबांवर कोरीव काम असायचं. एकमेकांत गुंतलेले साप, पंखवाले राक्षसी प्राणी, वेली. ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासूनची ही तिथल्या सुतारांची नक्षी. चर्च बांधलं तरी हात तेच होते, म्हणून नक्षीही तीच आली.

मग विकायची वेळ का आली?

एकोणिसाव्या शतकात नॉर्वेची लोकसंख्या झपाट्याने वाढली. १८०१ च्या मोजणीत ती ८ लाख ८० हजारांच्या आसपास होती. १८५५ मध्ये १४ लाख ९० हजारांच्या घरात गेली. जुनी चर्च लहान, अंधारी, थंड. रविवारी अर्धं गाव बाहेर उभं राहायचं. त्यात दुरुस्ती राहून गेलेली. व्हांगचं चर्चही तोवर बरंच खचलेलं होतं.

गावाने मोठं नवं चर्च बांधायचं ठरवलं. १८४० च्या सुमारास ते उभंही राहिलं. नवं चर्चही लाकडीच, पण प्रशस्त. आता जुन्याचा उपयोग काय? नव्या बांधकामाचा खर्च झालेला, गाव श्रीमंत नाही. तेव्हा जुन्या चर्चचं लाकूड विकून चार पैसे उभे करायचे, हा निर्णय झाला.

आज बसून त्या गावकऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांच्या जागी उभं राहून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. त्यांच्या डोळ्यांसमोर गळकी, मोडकळीला आलेली इमारत होती. 'वारसा' हा शब्द तेव्हा नॉर्वेच्या खेड्यांत कुणी वापरत नव्हतं. सरकारी पैसाही नव्हता. आणि हे एकट्या व्हांगने केलं असंही नाही. पुढे १८५१ मध्ये नॉर्वेत कायदाच आला की चर्चमध्ये त्या भागातल्या लोकांपैकी दहात तीन तरी मावले पाहिजेत. त्यानंतर तर जुनी छोटी चर्च पाडण्याचा सपाटाच लागला.

एके काळी नॉर्वेत अशी हजाराच्या वर लाकडी चर्च होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज उरलीत फक्त २८.

कोळ्याचा मुलगा मध्ये पडला

व्हांगचं चर्च वखारीत जाण्यापासून वाचलं ते एका चित्रकारामुळे. योहान क्रिस्टियन डाल हे त्यांचं नाव. जन्म १७८८ चा, नॉर्वेच्या बर्गन शहरातल्या एका साध्या कोळ्याच्या घरातला. चित्रकलेच्या जोरावर ते पुढे जर्मनीत ड्रेस्डेन शहरात स्थायिक झाले आणि मोठं नाव कमावलं. पण मायदेशाच्या फेऱ्या चालू होत्या. डोंगर, धबधबे यांची चित्रं काढत हिंडताना त्यांना ही लाकडी चर्च दिसली आणि ती एकेक करून पाडली जात आहेत हेही दिसलं.

डाल यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, फ्रान्झ विल्हेल्म शिर्त्झ नावाच्या तरुण चित्रकाराकडून या चर्चची नीट मोजमापं घेऊन रेखाटनं करून घेतली. ती १८३७ मध्ये जर्मनीत पुस्तकरूपाने छापली. नॉर्वेच्या खेड्यांत इतकं जुनं, इतकं अवघड लाकूडकाम आहे हे बाहेरच्या जगाला त्यातून कळलं.

दुसरी गोष्ट व्हांगची. गावाला ते नको असेल तर नॉर्वेतच दुसरीकडे ते उभं करावं, असा त्यांचा प्रयत्न होता. तो फळाला आला नाही. मग त्यांनी ओळख वापरली. प्रशियाचा, म्हणजे तेव्हाच्या उत्तर जर्मनीतल्या मोठ्या राज्याचा राजा फ्रेडरिक विल्यम चौथा नुकताच १८४० मध्ये गादीवर आला होता. त्याला जुन्या इमारतींचं वेड. डाल यांनी त्याला गळ घातली. १८४१ च्या लिलावात डाल यांनी चर्च घेतलं आणि पैसे राजाने दिले.

सुटं झालं, जहाजावर चढलं

इथे लाकडी खुंट्यांची करामत कामाला आली. दगडी इमारत पाडली की ढिगारा होतो. हे चर्च मात्र जसं जोडलं तसं सोडवता येण्यासारखं होतं. शिर्त्झ यांनी आधी संपूर्ण इमारतीचे आराखडे काढले. मग खांब, तुळया, दारांच्या चौकटी एकेक करून उतरवल्या गेल्या.

हे सगळं सामान डोंगर ओलांडून पश्चिमेकडे लेर्दालच्या खाडीपर्यंत नेलं. तिथून जहाजाने बाल्टिक समुद्रावरच्या श्टेटिन बंदरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या श्चेचिनला. पुढे बर्लिनला. राजाच्या मनात ते बर्लिनजवळच्या एका बेटावरच्या बागेत उभं करायचं होतं. तसं झालं असतं तर ते एक शोभेची वस्तू होऊन राहिलं असतं.

पण एका बाईने राजाचं मन वळवलं.

डोंगरातल्या लोकांना हवं होतं चर्च

फ्रिडेरिके फॉन रेडेन या सायलेशिया प्रांतातल्या एका मोठ्या घरच्या विधवा. नवरा प्रशियाच्या खाणींचा मंत्री होता. राजघराण्याशी घरोबा, पण त्यांचा दिवस जायचा आसपासच्या गोरगरिबांच्या कामात. १८३७ मध्ये ऑस्ट्रियातल्या झिलरताल खोऱ्यातून चारशेच्या वर लोकांना धर्मामुळे घरदार सोडावं लागलं होतं. ते प्रोटेस्टंट झाले, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांना सायलेशियात जमीन-घरं मिळवून देण्यात या बाईंचा पुढाकार होता.

सायलेशियाच्या दक्षिणेला कार्कोनोशे नावाची डोंगररांग आहे. वर डोंगरात विखुरलेल्या वस्त्यांवर लुथरन कुटुंबं राहत. त्यांना रविवारी चर्चला जायचं तर खाली लांबच्या गावात उतरावं लागे. बर्फात लेकरंबाळं, म्हातारीकोतारी घेऊन ही पायपीट. आपल्याकडे वाडी-वस्तीवरच्या लोकांना बाजार, दवाखाना, शाळा यासाठी जे हेलपाटे पडतात, तसेच हे. फॉन रेडेन यांनी राजाला सुचवलं की नॉर्वेहून आणलेलं चर्च बागेत ठेवण्यापेक्षा या डोंगरात द्या, लोकांची सोय होईल. राजाने मानलं. तिथल्या शाफगोच या जमीनदार घराण्याने जागा दिली.

२ ऑगस्ट १८४२ ला पायाचा दगड बसला. जागा समुद्रसपाटीपासून ८८५ मीटर उंचीवर. २८ जुलै १८४४ ला राजाच्या हजेरीत चर्च खुलं झालं. गावाचं तेव्हाचं नाव ब्रुकेनबर्ग. आज तो पोलंडमधल्या कार्पाच या गावाचा वरचा भाग आहे.

सगळं जुनंच आहे का?

नाही. ही गोष्ट सांगताना अनेकदा विसरली जाते. व्हांगमध्ये असतानाच बरंचसं लाकूड खराब झालेलं होतं. काही भाग नव्याने घडवावे लागले. कोरीव दारं आणि काही कोरीव खांब मूळचे, बाकीच्यात नवं काम बरंच. आत उजेड यावा म्हणून खिडक्यांची सोय झाली. शिखराजवळून येणारा वारा अडवायला शेजारी दगडी मनोरा बांधला गेला. जवळचं श्न्येश्का शिखर १६०३ मीटर उंच आहे आणि तिथला वारा नावाजलेला.

म्हणजे १२०० साली व्हांगमध्ये उभं होतं हुबेहूब तसंच हे नाही. तरीही मूळची दारं आणि त्यावरची नक्षी आज हात लावता येईल इतक्या जवळून बघायला मिळते, ती या खटाटोपामुळेच.

याच प्रांतात कधी लाकडाचीच सक्ती होती

सायलेशियात लुथरन लोकांचा आणि लाकडाचा संबंध आणखी जुना आहे. प्रशियाच्या आधी हा प्रांत ऑस्ट्रियाच्या कॅथलिक सम्राटाकडे होता. तीस वर्षांच्या युद्धानंतर १६४८ मध्ये तह झाला. त्यात सायलेशियातल्या लुथरन लोकांना फक्त तीन नवी चर्च बांधायची परवानगी मिळाली. तीही अटी घालून. दगड-विटा वापरायच्या नाहीत. लाकूड, माती, गवत असंच टिकाऊ नसलेलं सामान वापरायचं. मनोरा बांधायचा नाही, जागा शहराच्या तटाबाहेर, काम एका वर्षात संपवायचं. चर्च आपोआप पडून जावं हाच त्यामागचा हिशेब.

पण पडलं ते एकच. ग्वोगूफ गावचं चर्च १७५८ मध्ये जळालं. यावोर आणि श्विद्नित्सा इथली दोन चर्च साडेतीनशे वर्षांनंतरही उभी आहेत. २००१ मध्ये त्यांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. ज्यांच्यावर लाकडाची सक्ती केली होती, त्यांच्याच वंशजांच्या डोंगरात पुढे खुद्द राजाने लाकडी चर्च आणून दिलं.

देश बदलला, चर्च राहिलं

१९४५ मध्ये दुसरं महायुद्ध संपलं आणि सीमा सरकल्या. सायलेशियाचा बहुतेक भाग पोलंडला मिळाला. पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेल्या जर्मन लोकांना घरं सोडून जावं लागलं. त्यांच्या जागी पोलिश कुटुंबं येऊन वसली. त्यातली बरीचशी स्वतःच पूर्वेकडचं गाव सोडून आलेली. भाषा बदलली, गावांची नावं बदलली.

पोलंड हा बहुसंख्य कॅथलिक लोकांचा देश. लुथरन तिथे अगदी थोडे. पण हे चर्च लुथरन समाजाकडेच राहिलं. आज पोलिश लुथरन मंडळी ते सांभाळतात. रविवारी उपासना होते, लग्नं लागतात. एरवी बघायला येणाऱ्यांची रांग असते. नॉर्वेत बांधलेलं, जर्मन राजाने घेतलेलं आणि पोलिश लोक सांभाळत असलेलं हे चर्च पोलंडमध्ये आजही 'वांग' याच नावाने ओळखलं जातं. नॉर्वेतल्या गावाचं नाव तेवढं तसंच राहिलं.

व्हांगमध्ये काय उरलं?

एक दगड. जुन्या चर्चशी उभी असलेली, दोन मीटरहून उंच अशी कोरीव शिळा. घरातल्या गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभी केल्याचा मजकूर तिच्यावर जुन्या रून लिपीत कोरलेला आहे. आपल्याकडे वेशीवर वीरगळ असतात, साधारण तसाच प्रकार. ही शिळा आता नव्या चर्चच्या बाहेर उभी आहे.

बाकी नॉर्वेला जाग आली ती या प्रकरणानंतर. ज्या वर्षी व्हांगचं चर्च परदेशात उभं राहिलं त्याच वर्षी, म्हणजे १८४४ च्या डिसेंबरमध्ये, नॉर्वेत जुन्या वास्तू वाचवणारी संस्था स्थापन झाली. तिच्यामागेही डाल होते. या संस्थेने पुढे पाडायला काढलेली काही चर्च सरळ विकत घेतली. प्रसिद्ध बोर्गुंडचं चर्च आजही तिच्याच मालकीचं आहे.

गोल नावाच्या गावानेही नवं चर्च झाल्यावर जुनं देऊन टाकलं. ते १८८० च्या दशकात राजधानीत नेऊन उभं केलं. आज ते तिथल्या खुल्या संग्रहालयात आहे आणि बघायला गर्दी असते. पुढे गोल गावाला आपल्या चर्चची इतकी उणीव भासली की १९९० च्या दशकात त्यांनी खर्च करून त्याची नक्कल बांधली. लाकूड नवं, नक्षी नवी.

बर्गनजवळचं फान्तोफ्त चर्चही असंच दुसऱ्या गावातून हलवून आणलेलं. जून १९९२ मध्ये कुणीतरी ते जाळलं, एका रात्रीत गेलं. मोजमापं आणि छायाचित्रं हाताशी असल्यामुळे पुढच्या काही वर्षांत त्या जागी हुबेहूब नवं उभं करता आलं. उरलेल्या २८ चर्चसाठी २००१ ते २०१५ या काळात नॉर्वे सरकारने दुरुस्तीची खास मोहीम राबवली. पाये, छपरं, डांबर, आगीपासून संरक्षण, सगळं त्यात आलं.

आपल्या गावात जीर्णोद्धार निघाला तर

व्हांगच्या लोकांना मोठं चर्च हवं होतं, ही त्यांची गरज खरी होती. आपल्या गावांनाही मोठा सभामंडप, पाणी न गळणारं छप्पर, स्वच्छतागृह हवं असतं. जुनं जसंच्या तसं ठेवा, हा हट्ट दर वेळी धरता येत नाही. पण पाडायच्या आधी चार कामं करून ठेवायला पैसा फारसा लागत नाही.

पहिलं, वास्तू संरक्षित आहे का ते तपासा. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. संरक्षित स्मारकाला परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा ठरतो. शंका असेल तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

दुसरं, मोबाइलवर फोटो काढा. चारही बाजूंनी, आतून, छपराखालून. प्रत्येक खांबाचा, नक्षीचा, शिलालेखाचा जवळून. शेजारी मोजपट्टी किंवा माणूस उभा ठेवा, म्हणजे आकार कळतो. फोटो एकाच फोनमध्ये ठेवू नका, फोन गेला की सगळंच जातं.

तिसरं, लाकूड उतरवायचंच असेल तर कुऱ्हाड-जेसीबी न लावता जुन्या जाणत्या सुताराला बोलवा. कागदावर नकाशा काढून प्रत्येक खांबाला, तुळईला नंबर टाका. नंबर असलेलं लाकूड पुन्हा उभं राहू शकतं. बिननंबराचा ढीग शेवटी जळणात जातो.

चौथं, काही भाग तरी गावातच वापरा. जुनी चौकट नव्या गाभाऱ्याला बसू शकते. कोरीव खांब वाचनालयाच्या किंवा पारावरच्या मंडपात उभे राहू शकतात. मात्र खाली दगड हवा आणि वर छप्पर. उघड्यावर ठेवलेलं लाकूड टिकत नाही.

व्हांगचं चर्च वाचलं कारण पाडण्याआधी एका माणसाने त्याची मोजमापं घेतली होती आणि दुसऱ्याने पैसे भरले. त्याच काळात बाकीच्या गावांतून पाडलेल्या कित्येक चर्चचं आज एखादं चित्रसुद्धा नाही. गावकऱ्यांच्या हातात पैसे असोत नसोत, मोजपट्टी आणि मोबाइल आज प्रत्येक घरात आहे. पुढच्या ग्रामसभेत किंवा देवस्थानच्या बैठकीत जीर्णोद्धाराचा विषय आला, तर वर्गणीच्या यादीआधी ही फोटो-मोजमापांची यादी करून घेता येईल.